किरणांचे ऋण, किरणांची किंमत

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील रुग्ण किरणोपचारासाठी यंत्राखाली निजतो, तेव्हा तंत्रज्ञ जड दार लावून बाहेर येतो. ही सावधगिरी मानवजातीला फार महागात शिकावी लागली. ती किंमत मोजणाऱ्यांत मादाम क्यूरी यांचे नाव अग्रभागी आहे.

१८६७ साली वॉर्सा येथे जन्मलेल्या मारिया स्क्लोदोव्स्का १८९१ साली शिक्षणासाठी पॅरिसला आल्या. पती पिएर यांच्यासह त्यांनी १८९८ साली पोलोनियम व रेडियम शोधले. गळक्या छपराखाली टनावारी खनिज उकळून १९०२ साली हाती आले ते एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड! अंधारात चमकणाऱ्या त्या नळ्यांचे दोघांना केवढे कौतुक! बोटे भाजत, अंगात थकवा भरे. पण त्यामागील पुरता धोका तेव्हा जगालाच उमगला नव्हता. १९०३ व १९११ अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना लाभली. १९०६ साली पिएर अपघातात गेले, तरी काम थांबले नाही.

किरणोत्सर्ग पेशींतील रेणूंवर आघात करून जनुकीय धागे तोडतो. ज्या पेशी सतत विभागतात त्यांना, म्हणजे अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर व केसांची मुळे यांना, प्रथम झळ पोहोचते. एकदम मोठी मात्रा बसली, तर काही तासांतच उलट्या होतात. मग बरे वाटल्याचा फसवा काळ येतो. त्यानंतर रक्तपेशी घटून ताप, जंतुसंसर्ग व रक्तस्राव सुरू होतो. मादाम क्यूरी यांच्या वाट्याला मात्र थोड्या थोड्या मात्रेचा, वर्षानुवर्षांचा क्षय आला. डोळ्यांत मोतीबिंदू झाले. अखेर मज्जा रक्त निर्माण करीनाशी झाली आणि ४ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९९५ साली त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये हलविताना शवपेटीची तपासणी झाली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी फिरत्या मोटारींतून त्यांनी क्ष-किरण चित्रे घेतली होती. रेडियमपेक्षा त्या क्ष-किरणांचाच दोष अधिक असावा, असे फ्रेंच तज्ज्ञांचे अनुमान निघाले.

हे अनुमान डोळ्यांत अंजन घालणारे आहे. अणुभट्टीचे भय सर्वांनाच वाटते. परंतु क्ष-किरण यंत्र आज तालुक्या-तालुक्यांत आहे आणि सवयीने भय बोथट होते. किरणांत काम करणाऱ्यांसाठी भारतात पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा ठरली आहे. पण छातीवर मात्रामापक बिल्लाच नसेल, तर मर्यादा पाळली गेली हे कळावे कसे? शिशाचा अंगरखा खुंटीवर लटकत राहिला, तर त्याचा उपयोग काय?

मादाम क्यूरी यांचे अज्ञान क्षम्य होते, कारण त्यांच्यापूर्वी ती वाट कोणी तुडविली नव्हती. आज ती सबब कोणालाही उरलेली नाही. रुग्णालयाच्या चालकांनी बिल्ला व अंगरखा पुरवावा, तंत्रज्ञाने तो रोज न चुकता वापरावा, हेच त्या थोर विदुषीचे खरे स्मरण होय.