हेन्री ए. वॉलेस

हेन्री अगार्ड वॉलेस (७ ऑक्टोबर, इ.स. १८८८:ओरिएंटजवळ, अडेर काउंटी, आयोवा, अमेरिका - १८ नोव्हेंबर, इ.स. १९६५:डॅनबरी, कनेटिकट, अमेरिका) हे अमेरिकेचे कृषिमंत्री (१९३३-४०), ३३वे उपराष्ट्राध्यक्ष (१९४१-४५) आणि व्यापारमंत्री (१९४५-४६) होते. पेरा कमी करणाऱ्या शेतकऱ्यास सरकारने थेट रक्कम देण्याची पद्धत अमेरिकेत त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली.

पूर्वायुष्य

वॉलेस घराणे वॉलेसेस फार्मर हे शेतीविषयक नियतकालिक चालवीत असे. वडील हेन्री कँटवेल वॉलेस १९२१ पासून कृषिमंत्री होते व १९२४ मध्ये पदावर असतानाच वारले. बालपणी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या सहवासात वॉलेस यांना वनस्पतींची गोडी लागली. १९१० मध्ये आयोवा स्टेट कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी मक्याच्या संकरावर प्रयोग केले आणि १९२६ मध्ये संकरित बियाण्यांची कंपनी काढली. तीच पुढे पायोनियर नावाने प्रसिद्ध झाली.

अनुदान योजना

महामंदीत मक्याचा भाव इतका कोसळला की काही शेतकऱ्यांनी तो कोळशाऐवजी चुलीत जाळला. १२ मे १९३३ रोजी शेती समायोजन कायदा संमत झाला. उत्पादन घटविण्याचा करार करणाऱ्यास अनुदान मिळे व त्याचा पैसा शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्यांवरील करातून येई. १९३४ च्या करारानुसार मक्याचे क्षेत्र किमान २० टक्के आणि डुकरांची पैदास २५ टक्के कमी करावी लागे. प्रत्येक काउंटीतील करारबद्ध शेतकरी आपली समिती निवडीत आणि पेऱ्याची तपासणी ही समितीच करी. योजना चालली ती मुख्यतः या समित्यांमुळे.

पहिल्या वर्षी मात्र कायदा होईपर्यंत पेरण्या उरकल्या होत्या. त्यामुळे सुमारे १ कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकावा लागला आणि सुमारे ६० लाख डुकराची पिले मारली गेली. लोक उपाशी असताना झालेल्या या नाशाबद्दल वॉलेस यांच्यावर आयुष्यभर टीका झाली.

याहून गंभीर प्रश्न दक्षिणेत उभा राहिला. तेथील कापसाच्या करारात पौंडामागे साडेतीन सेंट भाडे जमीनमालकालाच मिळे. त्यावरील आणखी एका सेंटमधून निम्म्या वाट्याने जमीन कसणाऱ्यास अर्धा सेंट येई. शिवाय पेरा घटल्याने कसणारी माणसेच नकोशी झाली व अनेक कुटुंबे बेघर झाली. आर्कान्सातील पॉइनसेट काउंटीत जुलै १९३४ मध्ये गोऱ्या आणि काळ्या कुळांनी मिळून संघटना स्थापन केली. करार केलेल्या मालकाने तीच कुळे ठेवली पाहिजेत, असा अर्थ खात्यातील काही वकिलांनी लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांना काढून टाकण्यास वॉलेस यांनी संमती दिली. दक्षिणेतील प्रतिनिधींच्या मतांवाचून योजना टिकली नसती हे खरे, पण किंमत कुळांनी मोजली. १९३६ मधील दौऱ्यात तेथील दारिद्र्य प्रत्यक्ष पाहून वॉलेस हादरले. १९३७ मध्ये कुळांना जमीनखरेदीसाठी कर्ज देणारा कायदा झाला, परंतु त्याचा लाभ थोड्यांनाच मिळाला.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९३३ चा कायदा घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर जमिनीची धूप रोखणारी पिके घेण्यासाठी अनुदान सुरू झाले. १९३८ च्या कायद्याने सुकाळात धान्य साठवून टंचाईत बाहेर काढण्याची वॉलेस यांची कल्पना अंमलात आली. तिचे मूळ प्राचीन चीनच्या धान्यकोठारांत होते.

उत्तरायुष्य

१९४० मधील मेक्सिकोभेटीनंतर त्यांनी तेथील पीकसंशोधनासाठी रॉकफेलर प्रतिष्ठानाकडे आग्रह धरला. याच कार्यक्रमात नॉर्मन बोरलॉग यांनी विकसित केलेले बुटके गहू १९६० च्या दशकात भारतात आले. १९४४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी वॉलेस यांच्याऐवजी हॅरी ट्रुमन यांना मिळाली. १९४८ ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे लढविली व त्यांना सुमारे २.४ टक्के मते पडली. नंतर राजकारण सोडून ते न्यू यॉर्क राज्यातील आपल्या शेतावर पिकांचे व कोंबड्यांचे संकर करीत राहिले.