विश्लेषण : गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालणारे डॉ. शिरोडकर कोण होते? हा टाका घातल्यावर परिचारिकेची जबाबदारी काय?

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांदा-बटाट्याच्या गोण्या उतरतात, तेव्हा हमालाची नजर आधी गोणीच्या तोंडाकडे जाते. सुतळी सैल असेल, तर आतला माल कितीही चांगला असून उपयोग नसतो. काही गर्भवतींच्या बाबतीत अडचण अशीच असते. बाळ व्यवस्थित वाढत असते, आईची प्रकृतीही ठीक असते. पण गर्भपिशवीचे तोंड वेळेआधीच उघडते आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात गर्भपात होतो. त्यावर टाक्याचा उपाय शोधणारे डॉक्टर मुंबईत काम करत होते. आज जगभरात हा टाका त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

डॉ. शिरोडकर कोण होते?

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा गावी झाला. (वि. स. खांडेकरांनी शिक्षक म्हणून काम केले, ते वेंगुर्ल्याजवळचे शिरोडे वेगळे.) मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्यांनी १९२३ मध्ये एमबीबीएस आणि १९२७ मध्ये एमडी केले. १९३१ मध्ये इंग्लंडमधून एफआरसीएस मिळवून ते परतले. त्यानंतर त्यांनी जे. जे. रुग्णालयात रुग्णसेवा केली आणि ग्रँटमध्ये प्रसूती व स्त्रीरोग हा विषय शिकवला. त्या काळी मुंबईचा घाऊक बाजार नवी मुंबईत आलेला नव्हता. मसाले, धान्य, कांदा-बटाट्याची उलाढाल मशीद बंदर भागात चाले आणि जे. जे. तिथून जवळच होते.

त्यांनी नेमके काय शोधले?

काही महिलांचा गर्भ दर वेळी साधारण त्याच महिन्यांत पडायचा. विश्रांती आणि संप्रेरकांची औषधे देऊनही फरक पडत नसे. घरात दोष मात्र बहुतेकदा बाईलाच दिला जाई. शिरोडकरांनी अशा महिलांच्या गर्भाशयमुखाची बारकाईने तपासणी केली. कळा नसतानाही ते उघडत असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे दोष रचनेतला होता, मग उपायही रचनेतलाच हवा होता. रुग्णाच्याच मांडीतील स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून त्यांनी ती गर्भाशयमुखाभोवती, शक्य तितक्या वरच्या बाजूला, आवरणाखालून फिरवून बांधली. ही पद्धत १९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाली.

पुढे काय झाले?

१९५७ मध्ये मेलबर्नचे डॉ. इयान मॅकडोनाल्ड यांनी बटव्याच्या नाडीसारखा, घालायला सोपा टाका मांडला. आज दोन्ही पद्धती वापरात आहेत; मांडीतल्या पट्टीची जागा कृत्रिम धाग्याने किंवा फितीने घेतली आहे. अंग बाहेर येण्याच्या त्रासावरील एक शस्त्रक्रियाही शिरोडकरांच्या नावाने ओळखली जाते. १९६० मध्ये त्यांना पद्मभूषण, तर १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९७१ मध्येच त्यांचे निधन झाले.

टाका प्रत्येकीला लागतो का?

नाही. १९९३ मध्ये १२ देशांतील १,२९२ महिलांच्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधारण २५ महिलांना टाका घातल्यावर ३३ आठवड्यांआधीची एक प्रसूती टळते, असे त्यातून दिसले. त्यामुळे वारंवार गर्भ पडल्याचा इतिहास असेल किंवा आधी अकाली प्रसूती झालेली असताना सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी दिसली, तर डॉक्टर टाक्याचा विचार करतात. आधीच्या इतिहासावरून ठरलेला टाका बहुतेकदा १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास घातला जातो.

परिचारिकेची जबाबदारी कुठे सुरू होते?

टाका घालायला थोडाच वेळ लागतो. सांभाळायचे असतात पुढचे पाच-सहा महिने. शस्त्रक्रियेनंतर परिचारिका नाडी, रक्तदाब, ताप, रक्तस्राव आणि पोटातील कळा यांवर लक्ष ठेवते, बाळाचे ठोके तपासते. घरी सोडताना धोक्याची लक्षणे समजावून सांगते : अंगावरून पाणी जाणे, रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ताप, थांबून थांबून येणारी कंबरदुखी. यातले एकही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. पूर्वी महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहायला सांगत. आता सरसकट तसा सल्ला दिला जात नाही. जड उचलणे मात्र टाळायला सांगतात.

आणखी एक काम तितकेच महत्त्वाचे आहे : टाका घातल्याची ठळक नोंद. सर्वसाधारणपणे ३६ ते ३७ आठवड्यांत टाका काढतात. त्याआधीच प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, तर तो तातडीने काढावा लागतो. टाका तसाच राहिला आणि कळा वाढत गेल्या, तर गर्भाशयमुख फाटू शकते. क्वचित गर्भाशयालाही इजा होते.

एपीएमसीतल्या महिलांनी काय लक्षात ठेवावे?

बाजारात कांदा निवडणाऱ्या, धान्य पाखडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या महिलांची मजुरी बहुतेकदा रोजावर असते. एक दिवस दवाखान्यात गेला, की त्या दिवसाचे पैसे बुडतात. म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाअंतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी होते, जोखमीच्या गर्भवती तिथे वेगळ्या नोंदवल्या जातात.

दुसरी अडचण माहेरची. तपासणी नवी मुंबईत होते आणि बाळंतपण गावाकडे. टाका एका डॉक्टरने घातलेला असतो, कळा सुरू झाल्यावर समोर असते गावच्या केंद्रातील वेगळीच परिचारिका. तिला टाक्याची माहिती मिळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे गर्भवतीच्या पिशवीतले माता व बाल संरक्षण कार्ड. म्हणून एसटीत बसण्याआधी त्या कार्डावर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : टाका कधी घातला आणि कोणत्या आठवड्यात काढायचा. घरातल्या आणखी एका माणसालाही हे ठाऊक असलेले बरे.