रामशास्त्र्यांचे रोजचे काम

रामशास्त्री प्रभुणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच प्रसंग उभा राहतो. पुण्याचा दरबार, समोर राघोबादादा, आणि पुतण्याच्या खुनाबद्दल त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा निर्भय न्यायाधीश. १९४४ साली प्रभातने काढलेल्या चित्रपटामुळे त्याला गजानन जागीरदारांचा चेहराही कायमचा मिळाला. प्रसंग मोठाच आहे. पण कायदा शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या एका दिवसापेक्षा आधीचे साधे दिवस अधिक ओढ लावतात.

साताऱ्याजवळच्या माहुलीचा हा मुलगा. वय वाढले तरी अक्षरओळख यथातथाच. साताऱ्यात अनगळ सावकारांकडे नोकरीला असताना धन्याच्या कानातल्या भिकबाळीकडे तो पाहत राहिला, धन्याने टोमणा मारला आणि पोरगा तडक काशीला निघाला, अशी कथा आहे. कथेतले मीठमसाल्याचे प्रमाण ज्याचे त्याने ठरवावे. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, बरोबरीची मुले शास्त्री होऊ लागली तेव्हा याने आरंभ केला. वर्षानुवर्षे काशीत राहून त्याने धर्मशास्त्र पचवले. पचवले म्हणजे नुसते पाठ केले नाही. दोन स्मृतींची वचने परस्परविरुद्ध असली तर कोणते धरायचे, टीकाकार काय म्हणतो, शास्त्र गप्प असेल तिथे देशाचार आणि कुळाचार काय सांगतो, हे ओळखणे म्हणजे कायद्याचा अभ्यास. आजच्या विद्यार्थ्यालाही कलमांचे पाठांतर तारत नाही, ते याच कारणाने.

१७५१च्या सुमारास ते पेशव्यांच्या पदरी आले आणि १७५९ मध्ये न्यायाधीश झाले. त्या काळचा तंटा आधी गावातच मिटवायचा प्रयत्न होई. पाटील समजूत घाली, मग गोत बसे, पंचायत नेमली जाई. तिथे समाधान झाले नाही तर मामलेदार, आणि शेवटी पुणे. वतनाचा वाद असला की दोन्ही पक्षांकडून निकाल मानण्याबद्दल जामीन घेत. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांच्या तकरिरी लिहून घ्यायच्या, जुने कागद मागवायचे, साक्षीदारांना शपथ घालून विचारायचे. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होते खरे, पण कागद आणि साक्ष दोन्ही थकल्यावरची ती वाट. अखेर निवाडपत्र होई. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. जिंकूनही पैसे मोजायचे, हे आजच्या पक्षकारांना फारसे नवीन वाटणार नाही!

ही निवाडपत्रे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देत असे. भाषा अवघड, मोडीतून आलेली. पण कोण काय म्हणाला, पुरावा कोणता, कोणाचे का खरे धरले, हा क्रम डोळ्यांत भरतो. उच्च न्यायालयाचा निकाल वाचतानाही हाच क्रम शोधावा लागतो.

शास्त्रीबोवांचा दराराही अशाच नेमस्तपणातून आला. घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवीत, असे सांगतात. थोरले माधवराव जपात गढून राज्यकारभाराकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा त्यांनी काशीला जायची रजा मागितली आणि तपच करायचे तर आपणही चलावे असे सुचवले म्हणे. माधवराव समजायचे ते समजले.

मग ३० ऑगस्ट १७७३ उजाडला. अठरा वर्षांच्या नारायणरावांना शनिवारवाड्यात गारद्यांनी मारले. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि दोष राघोबांवर ठेवला. पण निकाल अमलात आणायचा कोणी? न्यायाधीशाचा अधिकार पेशव्यांकडून आलेला, शिपाई पेशव्यांचे, आणि आरोपी तर स्वतःच गादीवर बसलेला. गावच्या पाटलापासून पुण्यापर्यंत चढत गेलेल्या त्या जिन्याला वरची पायरीच नव्हती. व्यवस्थेचे मर्म शिकवताना मला हा प्रसंग लागतो तो यासाठी, शौर्यासाठी नव्हे. शास्त्रीबोवांच्या हाती एकच गोष्ट उरली होती, स्वतःचे पद. ते सोडून ते वाईजवळच्या एका गावी जाऊन राहिले.

पुढे बारभाईंचा कारभार आल्यावर नाना फडणविसांच्या काळात ते परतले आणि पुन्हा त्याच तकरिरी, साक्षी, निवाडे यांत बुडाले. या वर्षांबद्दल कोणी चित्रपट काढलेला नाही. १७८९ मध्ये ते वारले. राज्य बुडाल्यावर साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. रामशास्त्र्यांच्या वेळच्या पंचायतींनी दिलेले निवाडे अजूनही लोक दाखल्यादाखल धरतात, अशी नोंद त्यात आहे.