दाखल्याविना हात आणि लीलावती मुनशी

गोव्याहून धारवाडकडे निघालेली रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला येते, लोंढा ओलांडते आणि थोड्याच वेळात अळणावर गाठते. दांडेलीचा फाटा येथूनच फुटतो. धारवाड जिल्ह्यातील हे लहानसे जंक्शन आणि त्याअलीकडचे लोंढा ही गोव्यातून बाहेर पडणाऱ्या माणसांची जुनी वाट होय. शिक्षणासाठी निघालेले अळणावरमार्गे धारवाडला जात, पोटासाठी निघालेले लोंढ्याहून बेळगाव, मिरज, पुणे करीत मुंबई गाठत. या दुसऱ्या गर्दीत आचारी होते, बटलर होते, पोदेर होते, बोटीवर नोकरी धरू पाहणारे तारवटी होते. धोबी तलावाच्या कुडींत पथारी टाकून ते बोलावण्याची वाट पाहत. त्यांच्या हाताला चव होती आणि अंगी अदब होती. कागद मात्र नव्हता. असलाच तर आधीच्या साहेबाने निरोपादाखल लिहून दिलेली चिठ्ठी. ती हरवली की वीस वर्षांची चाकरीही हरवली.

स्वयंपाकघरातील या ज्ञानाला अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र देणारी भारतातील पहिली संस्था १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. ती ना एखाद्या हॉटेलमालकाने काढली, ना विद्यापीठाने. ती काढली लीलावती मुनशी यांनी. गुजराती वाचक त्यांना व्यक्तिचित्रांच्या लेखिका म्हणून ओळखतो. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात त्यांचे नाव मिठाच्या सत्याग्रहातील कैद्यांमध्ये येते. कन्हैयालाल माणेकलाल मुनशी यांच्या पत्नी ही ओळख तर सर्वत्र आधी पोचते. हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यांपैकी काहीच सहसा ठाऊक नसते.

लीलावतींचा जन्म २३ मे १८९९ रोजीचा, अहमदाबादच्या जैन कुटुंबातला. शाळा प्राथमिक इयत्तांपुरतीच लाभली. पुढे इंग्रजी आणि संस्कृत त्या घरीच शिकल्या. ज्या बाईने हजारो मुलामुलींना प्रमाणपत्राची वाट खुली केली, तिच्या स्वतःच्या नावावर सांगण्यासारखे प्रमाणपत्र नव्हते. त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहताना ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही. शिकलेपण आणि शिकल्याचा दाखला या दोन वस्तू वेगळ्या आहेत आणि जग दुसरीच मागते, हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नसणार.

लहान वयातच त्यांचा विवाह लालभाई शेठ या धनिक व्यापाऱ्याशी झाला. संसार सुखाचा नव्हता. लेखनाने त्यांना मुनशींच्या वर्तुळात आणले. १९२२ मध्ये मुनशींनी काढलेल्या ‘गुजरात’ मासिकात त्या लिहू लागल्या. १९२३ मध्ये मुनशी, त्यांच्या पत्नी अतिलक्ष्मी आणि लीलावती असे तिघे युरोपच्या प्रवासाला गेले. मुनशींनी पुढे या प्रवासाची कथा आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे. पाहुण्याची सरबराई हा जिथे सन्मानाचा आणि शिस्तीचा व्यवसाय मानला जातो, असे जग लीलावतींनी या प्रवासात प्रत्यक्ष पाहिले.

अतिलक्ष्मींचे १९२४ मध्ये निधन झाले. लालभाईंच्या पश्चात, १९२६ मध्ये लीलावती आणि मुनशी विवाहबद्ध झाले. वधू विधवा आणि जैन, वर भार्गव ब्राह्मण. त्या काळच्या समाजात हे सहज पचणारे नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचा ‘रेखाचित्रो’ हा संग्रह प्रसिद्ध झाला होता. त्यातील मोजक्या रेषांत माणूस उभा करण्याची हातोटी गुजराती समीक्षकांनी वाखाणली. ‘कुमारदेवी’ हे नाटक पुढे आले. लेखिका म्हणून त्या याच वाटेने चालत राहिल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास पत्करला. १९३२ मध्ये पुन्हा कारावास झाला. १९३७ च्या निवडणुकीनंतर त्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळात बसल्या. त्या वेळचा मुंबई प्रांत म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. गुजरातचा मोठा भाग त्यात होता, तसेच बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारही. अळणावरचा कारभारही त्याच मुंबईहून चाले. गोवा तेवढा पोर्तुगिजांकडे, पण गोव्याची माणसे मुंबईच्या स्वयंपाकघरांत होतीच.

अन्नाच्या प्रश्नाने त्यांना गाठले ते स्वातंत्र्यानंतर. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती. फाळणीने गव्हा-तांदळाचे सुपीक मुलूख पलीकडे गेले होते. शहरे रेशनवर जगत होती आणि धान्याच्या आयातीवर परकीय चलन खर्ची पडत होते. मे १९५० मध्ये मुनशी केंद्रात अन्न व शेती खात्याचे मंत्री झाले. वनमहोत्सव ही त्यांची आजवर टिकलेली खूण. लीलावतींनी याच काळात महिला अन्न परिषदेचे काम हाती घेतले. गहू-तांदळावाचून पोटभर जेवण देता येते, हे लोकांना भाषणातून नव्हे तर ताटातून दाखवायचे, असा तिचा आग्रह होता. त्यातून ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहे निघाली. ती स्त्रियांनी चालवलेली होती. रेशनचे धान्य टाळून रताळी, टॅपिओका, केळी, भाज्या यांचे पदार्थ तेथे स्वस्तात मिळत. म्हैसूरला १९५० मध्ये स्थापन झालेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थाही याच चिंतेतून टॅपिओका आणि शेंगदाण्याच्या पिठापासून कृत्रिम तांदूळ घडवण्याच्या प्रयोगात गुंतली होती.

भाताशिवाय जेवण, ही कल्पना गोव्यात किंवा धारवाडच्या पश्चिमेकडील भातपट्ट्यात कितपत रुचली असती, हा प्रश्नच आहे. देशातही ती फारशी रुजली नाही. १९५२ मध्ये रफी अहमद किडवाई अन्नमंत्री झाले, नियंत्रणे सैल होत गेली आणि पर्यायी अन्नाचा उत्साह ओसरला. पण ‘अन्नपूर्णा’ चालवताना एक गोष्ट उघड झाली असणार. शंभर माणसांचा स्वयंपाक म्हणजे चार माणसांचा स्वयंपाक पंचवीस पटींनी वाढवणे नव्हे. खरेदी, साठवण, वजनमाप, स्वच्छता, नासाडी, हिशेब, वाढण्याची पद्धत हे सारे स्वतंत्र शास्त्र आहे. घरी उत्तम रांधणाऱ्या बाईलाही ते शिकावे लागते आणि ते शिकवणारी जागा देशात नव्हती.

या गरजेतून १९५४ मध्ये अंधेरीच्या भारतीय विद्या भवनाच्या आवारात संस्था सुरू झाली. भवन मुनशींनी १९३८ मध्ये स्थापन केलेले, त्यामुळे जागा घरचीच. आज ही संस्था दादरला आहे. जगातील तिच्या थोरल्या बहिणींशी तुलना केली तर तिचे वेगळेपण दिसते. स्वित्झर्लंडमधील लोझानची हॉटेलशाळा १८९३ ची. प्रवाशांची रीघ लागलेल्या देशात हॉटेलवाल्यांना शिकलेले नोकर हवे होते, म्हणून ती निघाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण सुरू केले, तेही व्यवसायाच्या मागणीवरून. दोन्हींच्या मुळाशी सुबत्ता होती. मुंबईच्या संस्थेच्या मुळाशी टंचाई होती. पाहुण्याला काय काय वाढावे यापेक्षा आहे त्यात किती जणांना नीट वाढता येईल, हा तिचा पहिला प्रश्न होता.

त्याची खूण संस्थेच्या लांबलचक नावात अजून शिल्लक आहे. हॉटेल व्यवस्थापन, खाद्यपेय तंत्रज्ञान आणि उपयोजित पोषणशास्त्र असे तीन भाग त्या नावात येतात. देशभर निघालेल्या केंद्रीय संस्थांनी तेच नाव घेतले; गोव्यात पर्वरीच्या संस्थेच्या पाटीवरही ते आहे. पंचतारांकित हॉटेलात जाऊ पाहणाऱ्या मुलाला आपल्या संस्थेच्या नावात पोषणशास्त्र कशाला, असा प्रश्न पडत असेल, तर त्याचे उत्तर १९५० च्या रेशनच्या रांगेत आहे.

परदेशाशी या शिक्षणाचे नाते सुरुवातीपासूनचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे साहाय्य पहिल्या पिढीतील या संस्थांना लाभले. पुढे ही ये-जा दोन्ही बाजूंनी झाली. मुंबईच्या संस्थेच्या प्राचार्य म्हणून दीर्घकाळ काम केलेल्या केरळच्या थंगम फिलिप यांनी या संघटनेसाठी सल्लागाराचे काम केले. त्यांचे पाककलेवरील इंग्रजी पाठ्यपुस्तक १९६० च्या दशकापासून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले आणि १९७६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लीलावतींनी दार उघडले. आतली शिस्त, मापे आणि परीक्षा बसवण्याचे श्रेय थंगमबाईंसारख्या शिक्षकांचे आहे.

याच काळात लीलावती राज्यसभेत होत्या, १९५२ ते १९५८. तेथे १९५४ मध्ये त्यांनी अनिष्ट चित्रपटांवर निर्बंध घालण्याचा ठराव मांडला. चित्रपटसृष्टीने त्यांना त्याबद्दल फारसे क्षमा केले नाही आणि आजच्या वाचकालाही ती भूमिका जाचक वाटेल. स्वतःच्या विवाहात रूढीला न जुमानणारी ही बाई पडद्यावरच्या मोकळेपणाला मात्र बिचकत होती. ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. लोकांना चांगले वळण लावणे हे आपले काम आहे, अशी त्या पिढीच्या अनेक कार्यकर्त्यांची धारणा होती. तीच चित्रपटांच्या ठरावात दिसते आणि बिनधान्याच्या ताटातही.

संस्था निघाली तरी मान्यतेचा प्रश्न लगेच सुटला नाही. सुरुवातीची दशके ही केंद्रे अन्न खात्याच्या छत्राखाली होती. दिल्ली, कोलकाता, चेन्नई येथे संस्था निघाल्या, लहान शहरांत फूड क्राफ्ट संस्था आल्या. १९८२ मध्ये पर्यटन खात्याच्या अखत्यारीत राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तेव्हा अभ्यासक्रम, प्रवेश आणि परीक्षा यांना देशभर एक सूत्र मिळाले. तरीही तीन वर्षांची पदविका ही पदवी नव्हे, हा अडसर बराच काळ राहिला. पदविकाधारकाला परदेशी विद्यापीठात पुढे शिकायचे तर तेथील कचेरी पदवी मागे. येथे स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायचा तरी तेच. अखेर मुक्त विद्यापीठ इग्नूच्या सहकार्याने पदवी सुरू झाली आणि नंतर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ती देऊ लागले. खासगी क्षेत्रातही असा मार्ग निघाला. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ताज समूहाशी जोडलेल्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेने इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाशी करार करून तेथील पदवी मराठवाड्यात आणली.

या वाटचालीत काही गमावलेही. स्त्रियांच्या परिषदेने सुरू केलेले हे शिक्षण व्यवसायाशी जोडले गेले, तसे मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांवर पुरुषांचेच राज्य दीर्घकाळ राहिले. ‘अन्नपूर्णा’ चालवणाऱ्या बायकांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. फ्रेंच सॉसची नावे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला शागुती किंवा उडदमेथी ही अभ्यासाची गोष्ट वाटायला बराच काळ जावा लागला. परदेशात चालणारा दाखला हवा तर परदेशाची पाककला आधी, असा तो सौदा होता. त्यातून जहाजांवर आणि आखातातील, युरोपातील हॉटेलांत जागा मिळाल्या, हेही खरे.

मुनशींचे निधन फेब्रुवारी १९७१ मध्ये झाले. लीलावती त्यांच्यानंतर जवळजवळ सात वर्षे जगल्या आणि ६ जानेवारी १९७८ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. राष्ट्रीय परिषद त्यांनी पाहिली नाही, पदवीही नाही. आज अळणावर किंवा खानापूरच्या मुलाने बारावीनंतर या क्षेत्रात जायचे ठरवले, तर केंद्रीय संस्थांसाठी तो एकच राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देतो आणि घाट उतरून पर्वरीला किंवा थेट मुंबईला जातो. वाट जवळपास तीच आहे. परतताना त्याच्या पेटीत विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद असतो, आणि तो हरवला तर दुसरी प्रत मिळते.