केडगावचे उघडे दार

एप्रिल हा आपल्या चळवळीचा महिना. ११ तारखेला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ तारखेला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. जुन्नर-आंबेगावच्या वाड्या-वस्त्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत व्याख्याने, मिरवणुका, रक्तदान शिबिरे होतात. याच महिन्यात आणखी एका व्यक्तीची जयंती आणि स्मृतिदिन दोन्ही येतात. २३ एप्रिल १८५८ हा पंडिता रमाबाईंचा जन्मदिवस आणि ५ एप्रिल १९२२ हा त्यांचा मृत्युदिन. आपल्या व्याख्यानमालांत हे नाव फारसे निघत नाही. रमाबाई म्हटले की आपल्यापुढे माता रमाई उभ्या राहतात आणि ते योग्यच आहे. पण केडगावच्या रमाबाईंना आपण जन्माने ब्राह्मण म्हणून बाजूला ठेवले आणि ब्राह्मणांनी धर्माने ख्रिस्ती म्हणून बाजूला ठेवले. आयुष्यभर बाहेरच्यांसाठी दार उघडणारी ही बाई मरणानंतर दोन्हीकडून बाहेरच राहिली.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. स्त्रीला देववाणी शिकवली म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. पुढे हे कुटुंब कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात राहू लागले. तिथेच रमाबाईंचा जन्म झाला. नंतर सारे घर पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून फिरू लागले. १८७० च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात अन्नावाचून गेले. भीक मागायची लाज वाटत होती आणि अंगमेहनतीचे काम कधी शिकलेच नव्हते. ज्या जातीच्या अभिमानाने डोके ताठ ठेवायला शिकवले, त्या अभिमानाला भाकरी मात्र मिळवता आली नाही. हा धडा रमाबाई पुढे विसरल्या नाहीत. केडगावच्या प्रत्येक मुलीला हाताचे काम शिकवण्याचा त्यांचा आग्रह इथून आलेला दिसतो.

उरलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे वाचायला घेतली. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आले की हे ग्रंथ इतर सर्व बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण स्त्री आणि शूद्र यांना खाली ठेवण्याच्या बाबतीत सगळ्यांचे एकमत आहे. ज्या निष्कर्षावर जोतीराव अनुभवातून आले आणि ज्यासाठी बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, त्याच निष्कर्षावर एक ब्राह्मण तरुणी मूळ संस्कृत वाचून आली होती. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते त्या काळच्या मोजमापात शूद्र गणले जाणारे. लग्न नोंदणी पद्धतीने, भटजीशिवाय झाले. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आले आणि कडेवर तान्ही मुलगी होती.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षक हवेत अशी मागणी केली. सुधारक खूश होते. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात उतरल्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅमला एक घर होते. समाजाने ज्यांना पतित ठरवून रस्त्यावर टाकले अशा स्त्रियांना तिथे ठेवून घेत, सांभाळत, कामाला लावत. रमाबाईंनी हे पाहिले आणि त्या थक्क झाल्या. अशा स्त्रीला आपली धर्मशास्त्रे कोणती शिक्षा सांगतात हे त्यांना पाठ होते. या भगिनी असे का वागतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना बायबलमधील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली.

ही कथा आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. यहुदी लोक शोमरोनी लोकांना बाटलेले मानत, त्यांच्याशी भांड्याचाही व्यवहार ठेवत नसत. भर दुपारी विहिरीवर एक शोमरोनी स्त्री पाण्याला येते. पाच नवरे झालेली, गावात नाव गेलेली. तिथे थकून बसलेला येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिलाच नवल वाटते की हा यहुदी माणूस माझ्या हातचे पाणी कसे मागतो. मग तो तिच्याशी धर्माचे बोलतो आणि देवाची उपासना अमक्याच डोंगरावर, अमक्याच नगरात व्हावी असे बंधन राहणार नाही, असे तिला सांगतो.

आपल्यापैकी ज्यांनी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला आहे, त्यांना इथे भिक्खू आनंद आणि प्रकृती आठवल्याशिवाय राहणार नाही. चांडाळकन्या प्रकृती पाणी भरत असते, आनंद तिच्याकडे पाणी मागतो आणि पुढे तथागत तिला संघात घेतात. पाण्यापाशी माणसाची जात विचारली जाते, म्हणून जात मोडायला निघालेल्या माणसाला पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर गेले ते यामुळेच. आमच्या जुन्नरच्या लेण्यांत तर याचा दगडी पुरावा आहे. यवन म्हणजे ग्रीक वंशाच्या इरिल नावाच्या दात्याने इथे दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली आणि चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, असे तिथले शिलालेख सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी याच तालुक्यात भिक्खुसंघ परदेशी माणसाच्या टाक्यातले पाणी पीत होता आणि त्याच्या मंडपात जेवत होता. पुढे याच मुलखात माणसाच्या सावलीचा विटाळ होऊ लागला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. कालपर्यंत आरती ओवाळणारे तुटून पडले. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव. १८८५ मध्ये काढलेल्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. ब्राह्मणी शास्त्रे स्वतः वाचून ती नाकारणारी स्त्री जोतीरावांना आपली वाटली, यात आश्चर्य नाही. १८६३ मध्ये स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून ब्राह्मण विधवांची बाळंतपणे करणारे हे फुले दांपत्य होते. बाहेरच्याला घरात घेणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

रमाबाई चर्चमध्येही निमूटपणे वागल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी भगिनींशी वाद घातला. क्रूसावरचा लॅटिन मजकूर आपल्या लोकांना कळत नाही म्हणून त्यांनी तो नको म्हटला. त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवावे की नाही यावर बिशप मंडळी हरकत घेऊ लागली, तेव्हा त्यांनी आपल्या विवेकबुद्धीवर कुणाची सत्ता चालणार नाही हे स्पष्ट केले. एक ग्रंथप्रामाण्य सोडून दुसऱ्या पुरोहिताच्या हाती मान द्यायला त्या तयार नव्हत्या.

अमेरिकेतून मदत मिळवून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई या विधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. इथे एक गोष्ट आपण झाकून ठेवता कामा नये. हे सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाचा विषयही उच्चवर्णीय हिंदू स्त्री हाच होता. सदनात मुलींना आपापले जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. रमाबाईंची करुणा खरी होती, पण दार अजून अर्धेच उघडले होते. एवढे सांभाळूनही १८९३ मध्ये मुलींना बाटवल्याचा आरोप झाला. 'केसरी'ने झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दार पूर्ण उघडले ते दुष्काळाने. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली आणि विधवा रस्त्यावर मरत होत्या, दलाल त्यांना हेरून नेत होते. स्वतः उपाशी राहिलेल्या आणि उपासमारीत आई गमावलेल्या रमाबाईंना घरी बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. या मुलींची जात कोण विचारणार? पुण्याच्या वाड्यात त्यांना जागा नव्हती. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला रमाबाईंनी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली होती. तिथे झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खोदल्या गेल्या आणि मुक्ती सदन सुरू झाले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. ज्यांना दुसरी संस्था दारात उभी करत नव्हती अशा स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. वृद्ध आणि अपंगांसाठी वेगळी सोय झाली. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या.

या मुली नुसत्या जेवत आणि प्रार्थना करत बसल्या नाहीत. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणी, शिवण, छपाई ही सर्व कामे मुलीच करत. ब्राह्मणाची मुलगी आणि गावकुसाबाहेरची मुलगी एकाच पंगतीला बसून जेवत आणि एकाच वर्गात शिकत. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, कारण प्रचलित भाषांतराची पंडिती मराठी या बायकांना कळत नव्हती. ते छापण्याचे काम केडगावच्या छापखान्यातील स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. पुढच्या वर्षी भाषांतर हातावेगळे करून रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावला उभे आहे.

मी बौद्ध आहे आणि वकील आहे. या कामातला एक प्रश्न टाळून पुढे जाणे मला पटत नाही. भुकेने मरणाऱ्या मुलीला अन्न दिले आणि त्याच छपराखाली धर्मही दिला, तर तिच्या संमतीचे मोल काय? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी विचाराला दिली आणि समाजालाही विचार करायला लावले. आपला मार्ग तो आहे. पण हा प्रश्न रमाबाईंना विचारणाऱ्यांनी त्या मुली मध्य प्रांताच्या रस्त्यांवर मरत होत्या तेव्हा आपली दारे का बंद होती, याचेही उत्तर द्यायला हवे. शास्त्रे सांभाळत बसलेल्यांना करुणेची उलटतपासणी घेण्याचा अधिकार नाही.

दुसरी गोष्ट चर्चलाही सांगितली पाहिजे. शोमरोनी स्त्रीच्या हातचे पाणी मागणाऱ्या येशूच्या नावाने चालणाऱ्या मंडळ्यांतही या देशात जातीची बाके राहिली, वेगळी स्मशाने राहिली. बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाचा अभ्यास करून याच दोषावर बोट ठेवले होते. देवाची दया सर्वांना, पण शेजारची जागा आपल्याच जातीला, हा कोणता न्याय? रमाबाईंचे दार टप्प्याटप्प्याने उघडले, पण ते एकदा उघडल्यावर त्यांनी परत लावून घेतले नाही. आजच्या मंडळ्यांनी हा हिशेब स्वतःशी करावा.

आणि तिसरी गोष्ट आपल्यासाठी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता बांधून ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षे आपण केंद्राच्या दारात उभे होतो. ख्रिस्ती झालेल्या आपल्याच भावाबहिणींसाठी ते दार त्या दुरुस्त्यांतही उघडले नाही. गावात त्यांची वस्ती तीच, त्यांना मिळणारी शिवी तीच, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, वाटेकरी वाढतील. ही भीती मला कळते. तिच्यावर उपाय म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा वाढवून मागणे. बाहेर उभ्या असलेल्याला बाहेरच ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

दया करणाऱ्याचे मन बदलले की दया संपते. हक्क कायद्यात लिहिलेला असतो, म्हणून तो टिकतो. रमाबाईंकडे कायदा करण्याची सत्ता नव्हती. त्यांनी आपल्या हातात होते ते दार उघडले. आपल्या हातात बाबासाहेबांनी संविधान दिले आहे. येत्या जयंतीला जोतीराव आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे उभे राहताना, चौतीस वर्षे दारात थांबलेल्या माणसांनी अजून दारातच थांबलेल्यांची बाजू घ्यायची की नाही, हे आपण ठरवले पाहिजे.

जय भीम!