हाउन्सफील्ड यांची मोजपट्टी

सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या व्यक्तीला चार पायऱ्या चढताच धाप लागते, कधी छातीत दुखते, कधी चालता चालता भोवळ येते. वय झाले, असे म्हणून घरातील मंडळी तिकडे दुर्लक्ष करतात. अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा महारोहिणीची झडप असते. हृदयातून शरीरभर रक्त नेणारी मोठी वाहिनी म्हणजे महारोहिणी. तिच्या दाराशी तीन पातळ पाकळ्यांची ही झडप असते. पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या ताठर झाल्या, की तीन-चार चौरस सेंटिमीटरचे हे दार एक चौरस सेंटिमीटरहूनही लहान होते. विकार किती बळावला आहे हे ठरवताना डॉक्टर ज्या आकड्यांचा आधार घेतात, त्यांच्या एककाला एका इंग्रज अभियंत्याचे नाव आहे. ते नाव म्हणजे गॉडफ्रे हाउन्सफील्ड. ते डॉक्टर नव्हते आणि त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवीही नव्हती.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशर परगण्यात नेवार्क येथे २८ ऑगस्ट १९१९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शेतकरी होते. पाच भावंडांत गॉडफ्रे सर्वांत धाकटे. थोरली भावंडे आपापल्या खेळात रमत आणि हा मुलगा शेतावरील मळणीयंत्रे व वीजजनित्रे न्याहाळत एकटाच हिंडे. गवताच्या गंजीवरून घरी बनवलेले ग्लायडर घेऊन त्याने उड्या मारल्या. पाणी भरलेली डांबराची पिंपे ॲसिटिलिन वायूच्या जोरावर किती उंच उडतात, हे पाहण्याच्या नादात तो एकदा जिवावरच्या प्रसंगातून बचावला. शाळेत मात्र पदार्थविज्ञान आणि अंकगणित यांपलीकडे त्याचे मन लागले नाही.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास हाउन्सफील्ड हवाई दलात दाखल झाले. तेथे ते रडारचे तंत्र शिकले आणि पुढे इतरांना शिकवूही लागले. त्यांचे काम पाहून एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांच्या शिक्षणासाठी अनुदान मिळवून दिले. त्यामुळे युद्धानंतर लंडनच्या फॅरडे हाउस या संस्थेतून त्यांना विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेता आली. १९५१ मध्ये ते ई.एम.आय. या कंपनीत रुजू झाले. ध्वनिमुद्रिका काढणारी म्हणून लोकांना ठाऊक असलेल्या या कंपनीत रडार आणि संगणक यांचेही काम चाले. १९५८ च्या सुमारास हाउन्सफील्ड यांच्या नेतृत्वाखाली तेथे ट्रान्झिस्टरवर चालणारा एमिडेक ११०० हा संगणक तयार झाला. त्यानंतर हाती घेतलेला संगणकाच्या स्मृतिभांडाराचा प्रकल्प मात्र किफायतशीर ठरणार नाही, असे दिसून तो सोडून द्यावा लागला. कंपनीने त्यांना दोष दिला नाही. पुढे काय करावे याचा विचार करण्यास सवड दिली. ही सवड पुढे फार मोलाची ठरली.

हाउन्सफील्ड यांना रानावनातून पायी भटकण्याची आवड होती. १९६७ मध्ये अशाच एका भटकंतीत त्यांच्या मनात विचार आला, की बंद पेटीच्या आतील वस्तू पेटी न उघडता ओळखता येतील काय? पेटीच्या आरपार सर्व दिशांनी किरण सोडावेत, प्रत्येक किरण किती क्षीण होऊन बाहेर पडतो ते मोजावे आणि त्या हजारो मोजमापांवरून आतील प्रत्येक बिंदूची घनता संगणकाकडून काढून घ्यावी, अशी ही कल्पना होती. साध्या क्ष-किरण चित्रात पुढची हाडे, मागची हाडे आणि मधली इंद्रिये यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. हाउन्सफील्ड यांना सावली नको होती, आकडा हवा होता.

पहिले यंत्र त्यांनी लेथच्या सांगाड्यावर उभारले. एका छेदाची सुमारे २८ हजार मोजमापे घेण्यास ९ दिवस लागले आणि गणितासाठी संगणकाला आणखी अडीच तास. गॅमा किरणांऐवजी क्ष-किरण नळी वापरल्यावर ९ दिवसांचे ९ तास झाले. रुग्णालयाने जतन केलेल्या मानवी मेंदूचे चित्र स्पष्ट उमटले तेव्हा आनंद झाला खरा. परंतु मेंदू टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मलिनमुळे आतील भेद प्रत्यक्षाहून ठळक दिसत आहेत, हे लवकरच ध्यानात आले. मोहात पाडणारे ते चित्र बाजूला ठेवून हाउन्सफील्ड यांनी बैलांच्या ताज्या मेंदूवर पुन्हा प्रयोग मांडले. ते मेंदू कत्तलखान्यातून आणून लंडनच्या गर्दीतून प्रयोगशाळेपर्यंत ते स्वतः वाहून नेत.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक महिला होती. क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज या कामात त्यांच्यासोबत होते. चित्रात गाठ स्वच्छ दिसली आणि शस्त्रक्रियेत ती चित्रात होती तशीच आढळली. कवटी न उघडता मेंदूच्या आत इतके स्पष्ट पाहता आले होते. बीटल्सच्या गाण्यांच्या कमाईवर हे यंत्र उभे राहिले, अशी कथा आवडीने सांगितली जाते. ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्यानेही त्यासाठी मोठा खर्च उचलला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

याच प्रश्नाचे गणित दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ॲलन कॉरमॅक यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्याकडे त्या वेळी जवळजवळ कोणाचेच लक्ष गेले नाही. हाउन्सफील्ड यांनाही ते ठाऊक नव्हते. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळून देण्यात आले. डॉक्टरेट दोघांपाशीही नव्हती.

पहिल्या यंत्राला एका छेदासाठी चार-पाच मिनिटे लागत. डोके तितका वेळ स्थिर ठेवता येते; हृदय क्षणभरही थांबत नाही. तरीही नोबेल व्याख्यानात हाउन्सफील्ड यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या या तंत्राने कधीतरी दिसू शकतील, अशी शक्यता बोलून दाखवली. पुढे यंत्राची एक फेरी सेकंदाच्या अंशात पूर्ण होऊ लागली आणि ईसीजीच्या तालावर, हृदय कमीत कमी हलते तो क्षण साधून चित्र घेता येऊ लागले.

महारोहिणीची झडप अशी दृष्टीच्या टप्प्यात आली. हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १००० आणि कठीण हाड अधिक १००० च्या आसपास येते. झडपेवरील जो भाग १३० किंवा त्याहून अधिक भरतो, तो कॅल्शियम मानतात आणि त्याचा विस्तार व घनता यांवरून गुणांक काढतात. एरवी ही तपासणी सोनोग्राफीने होते. परंतु हृदय दुबळे झाले असेल तर रक्ताचा झोत मंद पडतो आणि झडप खरोखर अरुंद आहे की हृदयच थकले आहे, याविषयी डॉक्टरांना शंका राहते. हा गुणांक पुरुषांत सुमारे २००० आणि स्त्रियांत सुमारे १२०० च्या पुढे गेला, तर विकार तीव्र असण्याची शक्यता मोठी समजतात. स्त्रियांची झडप कमी कॅल्शियम साचूनही तितकीच ताठरते. सर्वांना एकच आकडा लावला असता, तर अनेक आजारी स्त्रिया निरोगी ठरल्या असत्या.

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रूआँ येथे ॲलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, नलिकेच्या वाटेने नवी झडप प्रथमच बसवली. या उपचारात मापाला फार महत्त्व आहे. झडपेचे कडे वाटोळे नसून लंबगोल असते. बसवलेली झडप लहान पडली तर कडेने रक्त झिरपते, मोठी झाली तर कडे फाटण्याचे भय असते. म्हणून आज रक्तात औषध सोडून सीटी स्कॅन करतात. त्यावरून कड्याचा घेर, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या मुखांचे अंतर आणि जांघेपासून वर येणारी वाट, हे सारे आधी मोजून घेतले जाते.

हाउन्सफील्ड अविवाहित राहिले. १९८१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. नोबेलच्या रकमेतून त्यांनी घरीच एक छोटी प्रयोगशाळा थाटली. १२ ऑगस्ट २००४ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. क्रिबिए यांच्या त्या पहिल्या उपचाराला तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती.