शार्को आणि भिंतीवरचे चित्र

आंद्रे ब्रुईये या चित्रकाराचे १८८७ सालचे एक चित्र मी अनेकदा पाहिले आहे, अर्थात छापील. पॅरिसच्या साल्पेत्रियेर इस्पितळातला वर्ग. एक तरुणी मागे कलंडली आहे, मागे उभ्या असलेल्या डॉक्टरने तिला सावरले आहे आणि शेजारी उभा राहून झां-मार्तां शार्को शिकवतो आहे. समोर पुरुषांची दाटी, सारे टक लावून बसलेले.

शार्को १८२५ साली पॅरिसमध्येच, घोडागाड्या बनवणाऱ्याच्या घरी जन्मला. १८६२ मध्ये तो साल्पेत्रियेरला डॉक्टर म्हणून आला. एके काळच्या बंदुकीच्या दारूच्या कारखान्याच्या त्या आवारात हजारो म्हाताऱ्या, निराधार, वेड्या ठरवलेल्या बायका राहत. शार्को त्यांची लक्षणे वर्षानुवर्षे टिपत राही आणि बाई मरण पावली की मेंदू, मज्जारज्जू तपासून टिपणांशी ताडून पाही. मल्टिपल स्क्लेरोसिसची ओळख वैद्यकाला पटली ती याच चिकाटीतून.

पण हिस्टेरियाच्या रोगिणींपाशी ही रीत अडली. हात लुळा, अंगाला झटके, त्वचा बधिर. आणि शोधून सापडेल अशी इजा मात्र कुठेच नाही. अशा बाईला नखरेल, ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे होते. (अजूनही कितीतरी घरांत आपण तेच करतो.) शार्कोने तसे केले नाही. पुरुषांनाही हा विकार होतो, हे त्याने धडधाकट कामगार समोर उभे करून दाखवले. १८८५ मध्ये एका माणसाला गाडीची धडक बसली. चाके अंगावरून गेलीच नव्हती, पण ती गेली अशी त्याची पक्की समजूत झाली आणि त्याचे दोन्ही पाय लुळे पडले. धक्क्याने मनात रुजलेली कल्पना शरीर खरी करून दाखवते, असे शार्कोचे निदान होते. त्याच हिवाळ्यात व्हिएन्नाहून आलेला फ्रॉइड नावाचा तरुण डॉक्टर हे सारे ऐकत होता.

इथवर शार्को मला थोर वाटतो. पुढे मात्र त्याला नेटकेपणाचा मोह पडला. झटक्यांचे ठरावीक टप्पे त्याने मांडले, त्यांची छायाचित्रे पुस्तकांतून निघाली, रेखाटने झाली. संमोहनाखाली रोगिणी त्या टप्प्यांतून बिनचूक जात. नान्सी शहरातल्या बेर्नेमने आक्षेप घेतला, की हे रोगाचे नियम नव्हेत, डॉक्टरांनीच नकळत सुचवलेले आहे. १८९३ मध्ये शार्को वारला आणि त्याचे टप्पे लवकरच मोडीत निघाले. ब्रुईयेच्या चित्रात तरुणीला सावरणारा बाबिन्स्की, त्याचा लाडका शिष्य, तोही पुढे सूचनेच्याच बाजूने गेला.

त्या चित्रात डावीकडे, श्रोत्यांच्या मागे, भिंतीवर एक मोठे रेखाटन टांगलेले आहे. पोल रिशेने काढलेले: झटक्यात कमानीसारखी वाकलेली बाई. श्रोत्यांची त्याच्याकडे पाठ आहे. ते नेमके समोर दिसते, ते त्या तरुणीला.